लांबचं भिंग, उजेडाचं भिंग

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर बसतं. फ्रेम लावून मान इकडे वळवतं, तिकडे वळवतं, बरोबर आलेल्याला विचारतं, नाक जरा मोठं दिसतंय का. मागे पडदा असतो. त्या पडद्यामागे, एका माणसापुरत्या खोलीत, पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकाला काच लावून कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते कुणालाच दिसत नाही. ही त्या पडद्यामागच्या माणसाची गोष्ट.

सत्तावीस वर्षं तो त्या चाकापुढे बसला. काच घासल्याचं पांढरं पाणी त्याच्या बोटांच्या चिरांत असं मुरलं होतं की हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला चुन्यासारखी रेघ राहायची. नंबर ओळखायला त्याला यंत्र लागत नसे. काच हातभर लांब धरायची, तिच्यातून खिडकीच्या गजाकडे बघायचं आणि काच हळूच हलवायची. गज काचेबरोबर चालला तर ती लांबचं न दिसणाऱ्याची. गज उलट पळाला तर जवळचं न दिसणाऱ्याची. किती चालला, किती पळाला, यावरून तो नंबर सांगे, आणि मालकाने यंत्रावर लावून पाहिलं तर पाव नंबराचाही फरक निघत नसे. याचा त्याला गर्व होता. असायलाच हवा. ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याने स्वतःकडे थोडं बघावं, त्यात गैर काय?

सगळे त्याला भिंगवाला म्हणत.

भिंगवाल्याला एक भाऊ होता, नऊ वर्षांनी धाकटा. आईबाप एकाच वर्षात गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून तो दादाच्या घरात वाढला, वहिनीच्या हातचं जेवला आणि लग्न करतो, करतो म्हणता म्हणता तिथेच राहिला. फरशांच्या गोदामात तो माल उतरवायचा. उंच, रुंद, आणि बोलायला इतका कमी की वहिनी म्हणायची, भावोजींना जीभ दिलीय ती फक्त दात साफ राहावेत म्हणून. त्याने लहानपणापासून कधी काही मागितलं नाही. बूट फाटले तरी सांगत नसे. अंगठा बाहेर आला की घरच्यांनी ओळखायचं.

रविवारी तो फुटबॉल खेळे. संघ म्हणजे काय, गोदामातले चौघे, दोन रंगारी, एक बेकरीवाला, एक शाळेत शिपाई, असा मेळ. त्यांना शिकवणारा एक निवृत्त मास्तर होता, त्याच्या शिट्टीत दम उरलेला नव्हता म्हणून तो ताटली वाजवायचा. धाकटा गोलकीपर. पिवळा सदरा, मोठाले हातमोजे, आणि जाळीसमोर एकटाच उभा.

अकरा वर्षांपूर्वी भिंगवाल्याने या सामन्यांचे फोटो काढायचं मनावर घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या, एक काच आपल्या डोळ्यासाठी असावी, असं त्याच्या मनात आलं असेल. जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. तिथे त्याने एक वापरलेला कॅमेरा घेतला, ज्याच्या मुठीवरचं रबर आधीच्या मालकाच्या घामाने चिकट झालं होतं. कॅमेरा झाला. आता लेन्स. दुकानात सगळे लेन्स म्हणत. हा भिंगच म्हणे.

खिशाला झेपतील अशी दोन भिंगं दुकानदाराने काचेवर मांडली. एक लांब, नळकांड्यासारखं. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाच्या मिशा मोजाव्यात असं. दुसरं आखूड, मुठीत मावणारं, पण त्याचं तोंड मोठं.

"तू काचेतला माणूस," दुकानदार म्हणाला. "तुला मी काय शिकवणार?"

शिकवायची गरज नव्हतीच. भिंगवाल्याने दोन्ही भिंगं खिडकीकडे धरून आरपार पाहिलं, आत बुरशीची जाळी धरलीय का ते पाहिलं, कडेने बॅटरी मारून ओरखडे पाहिले. लांबचं भिंग दूरचं जवळ आणत होतं, पण त्याचा डोळा बारीक होता. आत उजेड थेंबाथेंबाने शिरे. आखूड भिंग दूरचं दूरच ठेवी, पण उजेड घागरीने ओतून घेई. आणि सामने व्हायचे संध्याकाळी, उतरत्या उन्हात. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या आतलं झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात पळणाऱ्याचे पाय पुसट होतात, चेंडूची शेपटी निघते. त्याने विचार केला आणि उजेडाचं भिंग घेतलं. दूरचं दिसत नाही ना, मग आपण जवळ जाऊ. गोल जिथे होतो तिथे जाऊन बसू.

निवड चुकीची नव्हती. आजही कुणी जाणत्याने विचारलं तर हेच सांगेल.

म्हणून दर रविवारी तो समोरच्या संघाच्या जाळीमागे, एका उलट्या क्रेटवर बसे. फरशी पुसायच्या दांड्याला लाकडी ठोकळा बसवून त्याने कॅमेऱ्याला एका पायाचा टेकू केला होता. आपले खेळाडू चेंडू घेऊन त्याच्या अंगावर धावत येत, आणि तो टिपे. काय फोटो ते! मानेच्या शिरा, उडालेली माती, बेकरीवाल्याच्या तोंडातून सुटलेली थुंकीसुद्धा लख्ख. आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. उजेडाच्या भिंगाची हीच तर खुबी, ज्यावर नेम धरला तेवढंच धारदार ठेवतं, बाकीचं विरघळवून टाकतं. मास्तर क्लबच्या खोलीतल्या भिंतीवर एकेक फोटो लावी. हळूहळू भिंत भरली.

एकदा एका रंगाऱ्याने ती भिंत न्याहाळून म्हटलं, "सगळे आहेत, गोलकीपर तेवढा नाही. बरोबर आहे, तो हलत कुठे? त्याला फोटोवाला नको, चित्रकार पाहिजे."

सगळे हसले. धाकटा सगळ्यांत मोठ्याने हसला. भिंगवालाही हसला, आणि विसरून गेला.

घरी तो भिंग हरणाच्या कातड्याने नाही, आपल्या जुन्या मऊ बनियनने पुसत बसे. बायको म्हणे, "अहो, सवत आणली असतीत तरी तिचं तोंड एवढं पुसलं नसतंत." अशी वर्षं गेली, आणि ती बरी गेली.

मग धाकट्याचं मनगट दुखायला लागलं. अर्थात त्याने सांगितलं नाही. वहिनीनेच पाहिलं की भावोजी पेला डाव्या हाताने उचलतात. डॉक्टरने फोटो काढला, तो वेगळ्या जातीचा फोटो, हाडांचा, आणि सांगितलं की मनगटातलं एक छोटं हाड कधीतरी मोडलं होतं, ते तसंच राहिलं, त्याला रक्त पोचलं नाही आणि ते आतल्या आत मेलं. आता शस्त्रक्रिया करून, आत धातूची पट्टी बसवून मनगट कायमचं एका जागी धरून टाकायचं. दुखणं थांबेल, पण ते पुन्हा वाकणार नाही. खेळ तर संपलाच, गोदामाचंही बघावं लागेल. दवाखान्यातून परतताना दोघे भाऊ सबंध रस्ता चालत आले. भिंगवाला बोलत राहिला, याला भेटू, त्याला विचारू. धाकटा ऐकत राहिला. दाराशी आल्यावर चप्पल काढता काढता तो म्हणाला,

"दादा, पुढच्या रविवारचा सामना मी खेळणार आहे. शेवटचा."

"डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना?"

"मेलेलं हाड आणखी काय मरणार?" थोडा थांबून, चपलेकडेच बघत तो म्हणाला, "आणि तुझ्याकडचा माझा एक फोटो दे. हवेत असतानाचा. बाकी काही नको."

"एक काय मागतोस? ढिगाने असतील."

ढिगाने असतील असं त्याला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळचा चहा घेऊन तो संगणकासमोर बसला. पहिलं वर्ष उघडलं. रंगारी, बेकरीवाला, शिपाई, पुन्हा रंगारी. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. चहा गार झाला. बायको दोनदा डोकावून गेली. दुपारी ती जेवायला बोलवायला आली तेव्हा तो सातव्या वर्षात होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. अकरा वर्षांत, हजारो फोटोंत, धाकट्याचा एकही फोटो नव्हता. कसा असेल? धाकटा मैदानाच्या एका टोकाला, हा दुसऱ्या. चेंडू धाकट्याकडे गेला की हा कॅमेरा मांडीवर ठेवून भिंग पुसायचा.

एकही नव्हता असंही नाही. गोलच्या प्रत्येक फोटोत, पुढे गळ्यात गळे घालून नाचणारे खेळाडू, आणि मागे, त्या वितळलेल्या लोण्यात, खूप लांब एक पिवळा ठिपका होता. त्याने ठिपका मोठा केला. पिवळा डाग झाला. आणखी मोठा केला. डागाला वर दोन टोकं फुटल्यासारखी दिसली. पुढच्या फोटोतही तीच दोन टोकं. त्याच्या पुढच्यातही. कुणीतरी दोन्ही हात वर करून उभं होतं. गोल झालाय, आनंदाने केले असतील, असं म्हणून तो पुढे सरकला.

आता एकच सामना उरला होता. भिंगवाल्याने विचार केला, आणि तो विचारही चुकीचा नव्हता. धाकट्याच्या जाळीमागे बसलं तर त्याची पाठ दिसणार. चेहरा हवा तर समोरून काढला पाहिजे, आणि समोरून म्हणजे लांबून. हा सामना मात्र दुपारी तीनचा होता. तीन वाजता उजेडाला तोटा नाही. लांबच्या भिंगाला उजेड कमी पडतो तो संध्याकाळी. दुपारी ते राजा.

शनिवारी तो त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. दुकानदार आता म्हातारा झाला होता, पण एक नळकांडं काचेच्या कपाटात होतंच. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. उजेडाचं भिंग देऊन लांबचं घ्यायचं ठरलं.

"हे ठेवून जातोयस?" म्हाताऱ्याने आखूड भिंग हातात घेऊन विचारलं. "अकरा वर्षं वापरलंस आणि काचेवर एक रेघ नाही. बघ हं. हे लांबडं ऊन असेल तोवर तुझं. ऊन गेलं की हे कुणाचं नाही."

"सामना तीनला आहे," भिंगवाला म्हणाला.

रविवारी तीनला सगळे मैदानावर होते, समोरचा संघ सोडून. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. मास्तर फोन करी, ताटलीवर बोटं वाजवी. साडेतीन झाले. चार झाले. पश्चिमेकडून ढगांची एक करडी चादर सरकत आली आणि मैदानावर पसरली. धाकटा जाळीसमोर एकटाच येरझाऱ्या घालत होता. उजव्या मनगटाला वहिनीने घट्ट पट्टी बांधून दिली होती. पाऊण तास आणखी गेला तेव्हा गाडी आली, आणि पोरं कपडे बदलतच मैदानात उतरली.

भिंगवाला मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेपाशी, टेकू रोवून बसला. त्याने भिंगातून पाहिलं. धाकटा समोर उभा होता, हाताने शिवावा इतका जवळ. कानशिलावरचे पांढरे केस त्याने आज पहिल्यांदा पाहिले. एका घरात राहतात दोघे.

सामना सुरू झाला आणि चेंडू पलीकडे गेला तो तिकडेच रमला. आपली पोरं त्या दिवशी अशी खेळली की मास्तर ताटली विसरला. एक गोल केला. धाकट्याकडे चेंडू येईचना. तो खांबाला टेकून उभा, हातमोजे ओढतोय, पुन्हा सैल करतोय. अजून थोडा उजेड होता. तेवढ्यात दोनचार फोटो काढून ठेवावेत हे कुणालाही सुचलं असतं. पण भिंगवाल्याला हवेतला पाहिजे होता. उभा माणूस काय, पासपोर्टवरही असतो, असं त्याच्या मनाने म्हटलं. कसबाचा गर्व माणसाला असा कधी कधी भलत्या वेळी गाठतो. त्याने बोट बटणावर ठेवलं आणि वाट पाहिली.

मध्यंतरानंतर उजेड गाळणीतून गाळल्यासारखा उतरू लागला. भिंगवाल्याने कॅमेऱ्याचे आकडे बदलले. पुन्हा बदलले. फोटोवर वाळू सांडल्यासारखे कण दिसू लागले तरी बदलले. आता झाकण सेकंदाचा साठावा भाग उघडं राहत होतं. पळणारा माणूस धरायला याच्या दहापट चपळाई लागते, हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं. त्याच्या हाताशी होतं ते भिंग थेंबाथेंबाने उजेड घेत होतं, आणि घागरीने घेणारं भिंग कालपासून एका दुकानाच्या काचेत पडून होतं.

शेवटची पाच मिनिटं उरली असतील. आपल्या शिपायाने आपल्याच जाळीसमोर एकाला पाडलं. रेफ्रीने शिट्टी मारली. पेनल्टी.

धाकटा जाळीच्या मधोमध आला, गुडघ्यांत वाकला. एकदा त्याने मान वळवून मधल्या रेषेकडे पाहिलं. भिंगातून भिंगवाल्याला ते डोळे थेट आपल्यावर रोखलेले दिसले. मग धाकट्याने पुढे पाहिलं. मारणारा धावला.

धाकटा उडाला. उजवीकडे, सबंध लांबीने, पाय जमिनीपासून हातभर वर, डोकं मागे, आणि उजवा हात खांबापर्यंत ताणलेला. अकरा वर्षांत त्या मैदानावर कुणी असं उडालं नव्हतं. मोज्याच्या टोकाला चेंडू लागला, वळला, आणि खांबाबाहेर गेला. त्याच वेळी भिंगवाल्याने बटण दाबलं. उजेडाचं भिंग असतं तर झाकणाचा आवाज टिचकीसारखा झाला असता. आज तो दाराची कडी लावावी तसा झाला, आधी खट्, मग उशिराने आणखी एक खट्. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काय आलंय ते न बघताच त्याला कळलं.

धाकटा त्या मनगटावरच पडला. सगळे धावले. तो उठून बसला, हात पोटाशी धरून, आणि घोळक्यातून वाट काढत आलेल्या दादाला त्याने पहिला शब्द विचारला तो, "आला?"

"आला," भिंगवाला म्हणाला.

शस्त्रक्रिया झाली. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं प्लास्टर घालून धाकटा घरी आला. तीन दिवस भिंगवाला टाळत राहिला. छापायला दिलाय म्हणे, कागद चांगला नव्हता म्हणे. मधल्या काळात तो कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन आला होता. आखूड भिंग सोमवारीच कुणी घेऊन गेलं होतं. तसंही ते मिळून काय होणार होतं? चौथ्या दिवशी त्याने फोटो टेबलावर ठेवला. बायको पाणी भरता भरता थांबली.

करड्या, वाळूवाळू कागदावर आडवा एक पिवळा फराटा होता. त्याच्या टोकाला एक काळपट पट्टा, तो हात. चेहरा ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

धाकट्याने डाव्या हाताने फोटो जवळ ओढला. पुष्कळ वेळ पाहिला.

"चेंडू?"

"चेंडू आला नाही यात."

"म्हणजे मी अडवला ते दिसत नाही."

"नाही."

वहिनी काहीतरी बोलायचं म्हणून बोलली की उडालेले मात्र कळताय हं, भावोजी. धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याने फोटो टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवला, जसं आपण दुसऱ्याची वस्तू नीट ठेवतो.

"असू दे," तो म्हणाला. "जुने आहेतच की. त्यातला एखादा काढून दे."

मग धाकटा पुढे बोलला, त्याच्या मानाने पुष्कळ.

"तू त्या टोकाला बसायचास ना, गोल झाला की मी हात वर करायचो. दोन्ही. तुला दिसावं म्हणून. वाटायचं, यांच्या मागे कुठेतरी मीही येत असेन."

भिंगवाला उठला आणि चाकाचं काहीतरी काम राहिलंय असं पुटपुटत बाहेर पडला. त्या दिवशी दुकान बंद होतं, हे बायकोला माहीत होतं. तिने अडवलं नाही.

पुढच्या मोसमाचा पहिला सामना लागला तेव्हा धाकटा आला नाही. गोदामाने त्याला दारावर बसवलं होतं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहायला, आणि त्याला रविवारचीही पाळी होती. भिंगवाला एकटाच गेला. सवयीने पाय समोरच्या जाळीमागे वळले. क्रेट तिथेच होता. नळकांडं लावलेला कॅमेरा त्याने टेकूवर ठेवला. सामना भर दुपारचा होता, आकाश धुतल्यासारखं, आणि ऊन इतकं की डोळे बारीक करावे लागत होते.

विसाव्या मिनिटाला बेकरीवाल्याने गोल केला. पोरं त्याच्या पुढ्यातच एकमेकांच्या अंगावर पडली, ओरडली, हाक मारून फोटो काढ म्हणाली. भिंगवाल्याने त्यांच्यावरून भिंग उचललं आणि मैदानाच्या त्या टोकाला रोखलं. नेम धरला. बटण दाबलं.

नवा गोलकीपर खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. जाळीची एकेक गाठ, गवताचं एकेक पातं, नाडीचं सुटलेलं टोक, सगळं लख्ख आलं होतं.